घरच्या घरी फिंगर स्टेक्स: पीठ लावून तळलेल्या बीफच्या पट्ट्या पहिल्यांदा करताना

अमेरिकेतल्या आयडाहो राज्याच्या बॉयसी शहरात राहायला आलेल्या माणसाला कुणी ना कुणी फिंगर स्टेक्स खायला घालतंच. बोटभर लांबीच्या बीफच्या पट्ट्या, वरून पिठाचं कुरकुरीत कवच, कागद घातलेल्या टोपलीत गरमागरम. शेजारी बटाट्याचे फ्राइज, जाड टोस्ट आणि वाटीत लाल कॉकटेल सॉस. टेक्सास आणि ओक्लाहोमात याच्याच जवळचा पदार्थ स्टेक फिंगर्स या नावाने मिळतो, तिकडे सोबत पांढरी ग्रेव्ही असते. पण बॉयसीतले लोक फिंगर स्टेक्स आपलेच मानतात. १९५० च्या दशकात इथल्या टॉर्च लाउंजमध्ये मायलो बायबी यांनी ते लोकप्रिय केले, असं सांगितलं जातं. स्टेक कापताना उरणाऱ्या चांगल्या मांसाचं काय करायचं, या विचारातून पदार्थ निघाला म्हणे.

मी मूळची वसईची, ख्रिस्ती घरातली. अंडरकट, म्हणजे सगळ्यात मऊ मांसाचा तुकडा, चपटा ठोकून, आलं-लसूण-हिरव्या मिरचीचं वाटण चोळून, अंड्यात बुडवून रव्यात घोळवलेलं कटलेट आमच्याकडे सणाला हमखास व्हायचं. त्यामुळे फिंगर स्टेक्स आपल्याला सहज जमतील असं मला वाटलं होतं. पहिल्या खेपेला सगळं कवच सुटून तेलाच्या तळाशी गेलं आणि हातात उरल्या चामड्यासारख्या पट्ट्या. आईला फोन केला. तिने पहिलाच प्रश्न विचारला, "अगं, मांस पुसून घेतलं होतंस का? ओल्याला पीठ धरत नाही." पुढे पाच-सहा वेळा करून पाहिल्यावर लक्षात आलं की हा पदार्थ बनतो तो तेलात नाही, त्याच्या आधी, सुरीखाली आणि फ्रीजमध्ये. तळणं शेवटच्या चार-पाच मिनिटांचं. म्हणून खाली कापण्यावर आणि पीठ लावण्यावर मी जास्त लिहिलं आहे. ते नीट वाचा, घाईने तळणाकडे जाऊ नका.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. हे महाराष्ट्रात करणार असाल तर २०१५ पासून तिथे गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे. बाजारात मिळतं ते म्हशीचं मांस. पद्धत तीच ठेवा, फक्त ते जरा जून असू शकतं, त्यामुळे अंडरकटच घ्या. ज्या घरात बीफ खात नाहीत, त्यांनी कोंबडीच्या छातीच्या पट्ट्या घेऊन हेच करावं. कोंबडी मात्र आतून ७४ अंश सेल्सिअसपर्यंत शिजायलाच हवी.

काय काय लागेल

चार जणांसाठी पोटभर, असं धरून माप देते.

मांस आणि मुरवण:
- बीफ सिरलॉइन (कमरेकडचं मांस), साधारण ७०० ग्रॅम (अमेरिकेत दीड पौंडाचं पाकीट)
- बटरमिल्क १ कप (२४० मिली)
- वूस्टरशर सॉस १ मोठा चमचा
- लसणाची पूड १ छोटा चमचा, मिरपूड अर्धा छोटा चमचा
- साधं बारीक मीठ १ छोटा चमचा

कवच:
- मैदा २ कप
- कॉर्नस्टार्च पाव कप
- बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा
- मीठ १, मिरपूड १, पॅप्रिका १, लसणाची पूड १ (सगळं छोट्या चमच्याने)
- अंडी २ आणि बटरमिल्क अर्धा कप, एकत्र फेटून

तळायला शेंगदाण्याचं रिफाइंड तेल किंवा कनोला, दीड ते दोन लिटर.

साधनं: धारदार सुरी, जाड बुडाचं खोलगट भांडं (बिडाचं असेल तर उत्तम), तेलात बुडवायचा थर्मामीटर, मांसात खुपसायचा थर्मामीटर, दोन सपाट ट्रे, बेकिंगचा कागद, तारेची जाळी, झारा किंवा लांब चिमटा आणि भांड्यावर घट्ट बसेल असं झाकण. झाकण यादीत का, ते सातव्या पायरीत येईल. दोन थर्मामीटर म्हणजे उगाच खर्च वाटेल, पण तेलाचा अंदाज डोळ्यांनी बांधण्यात माझी तीन पाकिटं वाया गेली. थर्मामीटर त्याहून स्वस्त पडतो.

१. मांस निवडा

अमेरिकेतल्या दुकानात मांसाच्या कपाटासमोर नवीन माणूस गांगरतो, कारण तिथली नावं आपल्या खाटकाच्या नावांशी जुळत नाहीत. आपण ज्याला अंडरकट म्हणतो तो इथला टेंडरलॉइन. सगळ्यात मऊ आणि सगळ्यात महाग. तो तळायला वापरू नका असं मी म्हणणार नाही, पण गरजही नाही. टॉप सिरलॉइन हा मधला मार्ग: चव चांगली, चरबी बेताची, नीट कापलं तर मऊ. पाकिटावर 'चॉइस' किंवा 'सिलेक्ट' असा दर्जा लिहिलेला असतो. चॉइसमध्ये मांसाच्या आत चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषा जास्त असतात आणि तळल्यावर तेच रसाळ राहतं.

दोन गोष्टी टाळा. पहिली, 'स्ट्यू मीट' म्हणून मिळणारे तयार चौकोनी तुकडे. ते दोन-तीन तास रश्श्यात शिजवायचे असतात, चार मिनिटांत मऊ होणारे नव्हेत. मी पहिल्यांदा तेच आणले होते. दुसरी, 'लंडन ब्रॉइल' असं लिहिलेलं पाकीट. ते कुठल्या एका भागाचं नाव नाही. त्यात बहुधा राउंड म्हणजे मांडीचा भाग निघतो आणि तो जरा चिवट असतो.

'क्यूब स्टेक' दिसलं तर थांबून विचार करा. त्यावर यंत्राने सुया किंवा पाती मारून मांस मऊ केलेलं असतं. टेक्सासकडच्या स्टेक फिंगर्सना लोक तेच घेतात आणि ते वाईट नाही. पण सुया मारताना वरचे जंतू आत ढकलले जाऊ शकतात. म्हणून २०१६ पासून अमेरिकेत सुया किंवा पाती मारलेल्या कच्च्या बीफच्या पाकिटावर तसं लिहून शिजवण्याच्या सूचना छापणं बंधनकारक आहे. असं मांस आतून गुलाबी ठेवायच्या फंदात पडू नका.

२. तंतू ओळखा, मग सुरी लावा

सगळ्यात मोठी चूक इथे होते.

मांसाचा तुकडा पाटावर ठेवा, उजेडात धरा आणि नीट बघा. उसाचं कांडं सोलल्यावर जसे उभे दोरे दिसतात, तसे मांसात बारीक तंतू एका दिशेने गेलेले दिसतील. ऊस उभा चघळायला गेलं तर दोरे दातांत अडकतात, पण आडवी चकती चावली की ती सुटून येते. मांसाचंही तसंच आहे. पट्टी तंतूंच्या दिशेने कापली तर ती दिसायला लांब, सरळ, सुबक होते आणि खाताना दोरखंड. तंतू आडवे तुटले पाहिजेत, म्हणजे प्रत्येक घासात ते आखूडच येतील.

घोटाळा इथेच होतो. आपल्याला पट्टी लांब हवी असते, म्हणून हात आपसूक तंतूंच्या दिशेनेच सुरी चालवतो. त्याऐवजी असं करा: तंतू डावीकडून उजवीकडे जातील असा तुकडा फिरवा आणि सुरी वरून खाली चालवा. तुकड्याची उंची बोटाएवढी असली की पट्टी आपोआप बोटाएवढी होते. तंतू तिच्या रुंदीत येतात, लांबीत नाही. कापलेली एक पट्टी दोन्ही हातांनी धरून दोन टोकांना हलकेच ओढून पाहा. ती मधूनच सैल होऊन तुटायला लागली तर बरोबर कापली. रबरासारखी ताणली गेली तर दिशा चुकली, तुकडा फिरवा.

सिरलॉइनमध्ये एक अडचण असते. त्यात दोन-तीन स्नायू एकमेकांना चिकटलेले असतात आणि प्रत्येकाचे तंतू वेगळ्या दिशेने जातात. मधल्या चरबीच्या रेषेवरून आधी ते वेगळे करा आणि मग प्रत्येकाकडे स्वतंत्र बघा. हे करतानाच कडेचा पांढरा, चकाकणारा पापुद्रा सुरीचं टोक खाली घालून सोलून काढा. तो तेलात आकसतो, पट्टी वाकडी करतो आणि चावता चावत नाही. चरबी थोडी राहू द्या.

कापायला सोपं जावं म्हणून मांस आधी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेरून कडक, आतून मऊ असं झालं की सुरी सरकत नाही. पट्टी ७-८ सेंटिमीटर लांब आणि दीड सेंटिमीटर जाड ठेवा. याहून पातळ केली तर कवच लाल होईपर्यंत मांस सुकतं, जाड केली तर कवच करपतं आणि आत कच्चं राहतं. सगळ्या पट्ट्या एकसारख्या ठेवायचा प्रयत्न करा. जी फार वेडीवाकडी निघेल ती बाजूला ठेवा. ती तळताना पहिली सोडायची, तेल तपासायला.

३. ताकात मुरवा, पण कुठल्या ताकात?

अमेरिकेतल्या दुकानात मिळणारं बटरमिल्क म्हणजे आपलं ताक नव्हे. ते दाट, आंबट, जवळपास पातळ दह्यासारखं असतं. आपल्या घरचं पाणीदार ताक वापरलंत तर पीठ धरणार नाही. मिळत नसेल तर पाऊण कप दह्यात पाव कप दूध घालून फेटा. ते दुधात लिंबू पिळण्यापेक्षा कितीतरी चांगलं होतं.

बटरमिल्कमध्ये मीठ, वूस्टरशर, लसूण आणि मिरपूड घाला. पट्ट्या त्यात बुडवून झाकून फ्रीजमध्ये ठेवा. कमीत कमी चार तास, जास्तीत जास्त एक रात्र. मीठ आत शिरतं, त्यामुळे मांस तळताना पाणी कमी सोडतं. आंबटपणाने वरचा थर सैल होतो. दोन दिवस ठेवलं की मात्र वरचा भाग पिठूळ लागतो, म्हणून 'जितकं जास्त तितकं चांगलं' असं समजू नका.

आमच्या घरी मी यात छोटा चमचाभर बाटलीचा मसाला (वसईकडच्या ख्रिस्ती घरांत करून बाटल्यांत भरून ठेवतात तो) घालते. बॉयसीत कुणी घालत नाही. तुम्ही आधी एकदा साधंच करा, मूळ चव कळू द्या. नंतर आपला हात चालवा.

४. पीठ मिसळा, पण पाकिटावरचं नाव वाचून

इथल्या 'ऑल पर्पज फ्लोअर'ला आपण मैदा समजून चालतो आणि या कामापुरतं ते ठीक आहे. 'सेल्फ रायझिंग' लिहिलेलं मात्र उचलू नका, त्यात आधीच बेकिंग पावडर आणि मीठ असतं.

खरा सापळा कॉर्नचा. भारतात आपण ज्या पांढऱ्या, करकर वाजणाऱ्या पिठाला कॉर्नफ्लोअर म्हणतो, ते इथे 'कॉर्नस्टार्च' म्हणून मिळतं. इथे 'कॉर्न फ्लोअर' मागितलं तर मक्याचं पिवळसर पीठ हातात येईल. आपल्याला स्टार्च हवा आहे. मैद्यात तो मिसळला की कवच कडक होतं आणि लवकर मऊ पडत नाही.

मिठाचंही पाहा. 'कोशर' मीठ जाड असतं, चमच्यात कमी बसतं. माझं माप साध्या बारीक मिठाचं आहे. कोशर वापरत असाल तर थोडं जास्त लागेल.

सगळं कोरडं एका ट्रेमध्ये मिसळा आणि मग एक युक्ती करा: अंडं-बटरमिल्कचं मिश्रण दोन मोठे चमचे या पिठावर शिंपडून बोटांनी चोळा. पिठात बारीक गोळ्या होतील, जरा जाडसर रव्यासारख्या. याच गोळ्या पट्टीला चिकटून तळल्यावर खडबडीत, कुरकुरीत टोकं होतात.

खाणावळींमध्ये कवच निरनिराळं मिळतं. कुठे भज्यासारखं ओलं पीठ, कुठे कोरडा चुरा. घरी सुरुवात करणाऱ्याने कोरड्या पिठाची पद्धत धरावी, कारण ओलं पीठ तेलात पसरतं आणि एकमेकांना चिकटतं. ब्रेडचा चुरा आवडत असेल तर शेवटच्या पिठाऐवजी पांको (जपानी पद्धतीचा जाडसर ब्रेडचा चुरा) घ्या. 'इटालियन' लिहिलेला तयार चुरा नको, त्यात मीठ आणि औषधी पानांचा वास आधीच असतो. वसईकरांनी आणि गोवेकरांनी बारीक रव्यात घोळवून पाहावं, मला ते फार आवडतं.

५. पीठ लावा

ट्रे या क्रमाने मांडा: मुरवलेलं मांस, पीठ, अंड्याचं मिश्रण, पुन्हा पीठ, शेवटी कागद घातलेला रिकामा ट्रे.

पट्टी मुरवणातून काढून निथळू द्या आणि कागदी टॉवेलवर हलकेच टिपा. पूर्ण कोरडी करायची नाही, फक्त ठिबकणं थांबलं पाहिजे. आईचा प्रश्न आठवा. आता ती पिठात घोळवा आणि झटका. वर फक्त पातळ पांढरा थर राहिला पाहिजे. मग अंड्याच्या मिश्रणात बुडवा, वर धरून तीनपर्यंत मोजा. मग दुसऱ्यांदा पिठात ठेवा, वरून पीठ टाका आणि तळहाताने दाबा. नुसतं लोळवू नका, दाबा.

एक हात कोरड्यासाठी, एक ओल्यासाठी ठेवा. दोन्ही हातांनी दोन्हीकडे गेलात तर पाचव्या पट्टीपर्यंत बोटांवर पुऱ्यांची कणीक मळलेली असेल.

कच्च्या मांसाला लागलेला हात नळाला, मिठाच्या डब्याला, फोनला लावू नका. आधीच सगळं काढून ठेवा. उरलेलं पीठ चाळून डब्यात परत ठेवायचा मोह होतो, तो टाळा. कच्च्या मांसाला लागलेलं पीठ टाकूनच द्यायचं.

६. गोठवा

ही पायरी गाळू नका. माझं पहिल्या खेपेचं कवच सुटलं, त्याचं हेही एक कारण.

पीठ लावल्या लावल्या पट्टी तेलात टाकली तर बाहेरचं पीठ अजून कोरडं आणि आतला थर ओला असतो. तेलात त्या ओल्याची वाफ होते आणि ती कवचाला आतून ढकलून सोडवते. पट्ट्या ट्रेवर एकमेकींना न लागता मांडा आणि फ्रीझरमध्ये दोन तास ठेवा. पीठ ओल शोषून घेतं, चिकट होऊन मांसाला धरतं आणि गोठून पक्कं बसतं. बाहेर काढाल तेव्हा पांढरं भुरभुरणारं पीठ दिसणार नाही, किंचित पिवळसर, घट्ट साल दिसेल. बोटाने खरवडलं तरी निघत नाही.

दुसरा फायदा मांसाचा. आत गार असल्यामुळे कवच लाल होईपर्यंत मांस फार शिजत नाही, रसाळ राहतं.

दोन तास नसतील तर निदान अर्धा तास साध्या फ्रीजमध्ये, उघडं ठेवा. तेही चालतं, पण फरक कळतो.

७. तळा

भांडं तेलाने अर्ध्याहून जास्त भरू नका. गार पट्टी पडली की तेल वर उसळतं. खोली पाच-सहा सेंटिमीटर पुरे. तेल १८५ अंश सेल्सिअसपर्यंत तापवा, म्हणजे साधारण ३६५ फॅरनहाइट. थर्मामीटर नसलाच तर ब्रेडचा छोटा चौकोनी तुकडा टाका. मिनिटाभरात तांबूस झाला की तेल तयार. धूर दिसला तर तेल जास्त तापलंय. गॅस बंद करा आणि थांबा.

पट्ट्या फ्रीझरमधून थेट तेलात घालायच्या. बाहेर काढून ठेवल्या तर वर पाणी सुटतं. त्यावर बर्फाचे कण दिसले तर झटकून टाका, त्या कणांनीच तेल अंगावर उडतं. तेलाच्या अगदी जवळ नेऊन, आपल्यापासून लांबच्या बाजूला सोडा. एका वेळी पाच, फार तर सहा. सोडल्यावर तेल १७० च्या आसपास उतरतं, ते ठीक आहे. १६० च्या खाली गेलं तर पट्ट्या तेल पितात. जास्त लोक बसलेत म्हणून दहा-बारा टाकायचा मोह सगळ्यांना होतो आणि तो घाणा हमखास तेलकट निघतो.

पहिलं मिनिट हात लावू नका. झारा आत घातलात की कच्चं कवच फुटतं. मिनिटाने हलकेच उलटा. एकूण चार ते पाच मिनिटं लागतात. रंगाबरोबर आवाजही ऐका. सुरुवातीला तडतड जोरात आणि दाट असते. मांसातलं पाणी कमी व्हायला लागलं की तीच बारीक, विरळ होते. तो आवाज उतरायला लागला की एक पट्टी काढा आणि थर्मामीटर बाजूने मधोमध खुपसा. अखंड बीफ आतून ६३ अंश सेल्सिअस (१४५ फॅरनहाइट) झालं आणि वर तीन मिनिटं विसावलं की खायला सुरक्षित, असं अमेरिकेच्या कृषी खात्याचं माप आहे.

काढलेल्या पट्ट्या तारेच्या जाळीवर ठेवा, कागदावर नको. कागदावर खालची बाजू वाफेने मऊ पडते. पुढचे घाणे होईपर्यंत जाळीसकट ९५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवल्या तर गरम राहतात. दोन घाण्यांमध्ये तेल पुन्हा १८५ ला येऊ द्या आणि तळाशी पडलेलं पीठ झाऱ्याने काढून टाका. ते जळून पुढच्या पट्ट्यांना कडवट वास लागतो.

आता झाकणाचं. तेल पेटलंच तर पाणी टाकायचं नाही, भांडं उचलून बाहेर न्यायचं नाही. गॅस बंद, वर झाकण, आणि थंड होईपर्यंत झाकण काढायचं नाही. तळताना झाकण हाताशी ठेवा, मुलांना ओट्यापासून लांब ठेवा आणि भांड्याचा दांडा आत वळवा. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर तेल तापवायच्या आधी खिडकी उघडा. इथल्या पुष्कळ स्वयंपाकघरांतला पंखा धूर बाहेर न सोडता गाळून परत घरातच सोडतो आणि धुराचा गजर वाजायला वेळ लागत नाही.

एअर फ्रायरबद्दल सगळे विचारतात. कोरड्या पिठाची पद्धत त्यात जमत नाही, पांढरे कच्चे डाग राहतात. पांको लावून वर तेलाचा फवारा मारलात तर बऱ्यापैकी होतात.

८. सॉस

कॉकटेल सॉस पाच मिनिटांत होतो: अर्धा कप केचप, दीड मोठा चमचा हॉर्सरॅडिश (एका झणझणीत मुळाचा बाटलीत मिळणारा कीस), एक छोटा चमचा वूस्टरशर, अर्ध्या लिंबाचा रस. हॉर्सरॅडिशची बाटली मसाल्यांच्या फळीवर शोधू नका, ती फ्रीजच्या कपाटात मिळते. 'क्रीमी' लिहिलेली नको. भारतात ती मिळायला कठीण, पण तिची जागा घेणारी वस्तू आपल्या घरात असते. मोहरी थोड्या पाण्यात फेसून घ्या, लोणच्याला फेसतो तशी. नाकात जाणारा झणका दोन्हींत एकाच द्रव्याचा असतो. एक छोटा चमचा घालून चव बघा, मग वाढवा.

दुसरा म्हणजे फ्राय सॉस. युटा आणि आयडाहोत तो टेबलावर असायलाच हवा: दोन भाग मेयोनीज, एक भाग केचप, चिमूटभर पॅप्रिका. मुलांना हाच आवडतो.

चुकलं तर कारण कुठे शोधायचं

कवच सोलून निघालं: मांस ओलं होतं, किंवा गोठवायची पायरी गाळली, किंवा पहिल्या मिनिटात ढवळलंत.

बाहेरून लाल, आत कच्चं: तेल फार गरम, किंवा पट्टी जाड. तळलेल्या पट्ट्या १९० अंशांच्या ओव्हनमध्ये पाच मिनिटं ठेवून सावरता येतात.

चिवट: दुसऱ्या पायरीवर परत जा. दहापैकी आठ वेळा तंतूंची दिशाच चुकलेली असते. उरलेल्या वेळी मांस जास्त शिजलेलं असतं.

फिकट आणि तेलकट: घाण्यात पट्ट्या जास्त, तेल गार.

९. उरलेल्या पट्ट्या आणि तेल

तळलेल्या पट्ट्या दोन तासांहून जास्त बाहेर ठेवू नका. दुसऱ्या दिवशी गरम करायच्या तर १९० अंशांच्या ओव्हनमध्ये जाळीवर आठ-दहा मिनिटं. मायक्रोवेव्हमध्ये कवच लगदा होतं.

मी नेहमी दुप्पट करते. पीठ लावून गोठलेल्या कच्च्या पट्ट्या पिशवीत भरून, हवा काढून, वर तारीख लिहून ठेवल्या की दोन-तीन महिने छान राहतात. अचानक कुणी आलं की थेट फ्रीझरमधून तेलात. मायक्रॉन या चिप बनवणाऱ्या कंपनीतल्या नोकऱ्यांमुळे बॉयसीत आलेली मराठी घरं आता बरीच आहेत. त्यातल्या बीफ खाणाऱ्या घरांत मी अशी पिशवी डब्याऐवजी घेऊन जाते.

तेल पूर्ण गार झालं की गाळा. रंग फार काळपट नसेल तर आणखी एक-दोनदा वापरता येतं, पण त्याला बीफचा वास राहतो, त्यात पुऱ्या तळू नका. टाकायचं झालं तर सिंकमध्ये ओतू नका, नळी तुंबते आणि दुरुस्तीचं बिल भाडेकरूच्या माथी येऊ शकतं. रिकाम्या बाटलीत भरून, झाकण घट्ट लावून कचऱ्यात टाका.